फ्युचर्समध्ये नवीन आहे. ट्रेडिंग जर्नल एक्सेलमध्ये ठेवू की अ‍ॅपमध्ये, आणि त्यात काय काय लिहू?

एक्सेल, अ‍ॅप, शंभर पानी वही, काहीही चालतं. त्यात डोकं घालवू नका. काय लिहायचं हा खरा प्रश्न आहे, आणि त्यावरून माझं आमच्या दाजींशी वाजलेलं आहे, म्हणून उत्तर द्यायला बसलो.

दाजींचं म्हणणं, ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये सगळं असतं, वह्या कारकुनांनी भराव्यात. असतं की, भाव, वेळ, चार्जेस सगळं असतं. फक्त सौदा का घेतला ते नसतं.

३ जून २०२४, सोमवार. शनिवारी संध्याकाळी लोकसभेचे एक्झिट पोल आले होते, बाजार वर उघडला आणि मी निफ्टी फ्युचर्सचे, म्हणजे निफ्टी निर्देशांकाच्या वायद्याचे, दोन लॉट २३,२४० ला घेतले. तेव्हा लॉट (एका वेळी घ्यावा लागणारा ठरलेला गठ्ठा) २५ चा होता, म्हणजे ५० नग. वहीत लिहिलं, ‘एक्झिट पोल चांगले. सगळे घेतायत. स्टॉप २२,९००.’ स्टॉप म्हणजे भाव तिथवर पडला की सौदा आपोआप विकून टाकणारी ऑर्डर. ‘सगळे घेतायत’ हे कारण आहे का? पण लिहिलं होतं तसं सांगतोय.

दुसऱ्या दिवशी मतमोजणी. उघडल्या उघडल्या स्टॉप लावला. भाव घसरायला लागला तसा दाजींचा फोन. वहीतली पुढची ओळ: ‘९.१८. दाजी म्हणतात दुपारी वर येईल. स्टॉप काढला.’ दुपारी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. निफ्टी त्या दिवशी जवळजवळ सहा टक्के पडून २१,८८४ वर बंद झाला. मी २१,९६० ला सुटलो. ६४,००० गेले.

आता हिशोब बघा. स्टॉप राहिला असता तर ३४० पॉइंट, म्हणजे १७,००० गेले असते. इतक्या वेगाच्या पडझडीत नेमका तोच भाव मिळाला नसता, धरा २०,०००. ते निकालाच्या खात्यावर टाका. वरचे ४४,००० निकालाने नाही गेले, ९.१८ च्या त्या ओळीने गेले. अ‍ॅपमध्ये मात्र एकच लाल आकडा दिसतो. तो दाखवून दाजी अजून म्हणतात, ‘निकालापुढे कोण काय करणार? आणि स्टॉप काढ असं मी म्हणालोच नव्हतो.’

तर, काय लिहायचं. सौदा टाकायच्या आधी कारण, स्टॉप आणि कोणाचं ऐकून घेताय ते. आधी म्हणजे आधीच. संध्याकाळी लिहायला बसलात की माणूस स्वतःला वकील लावतो. आकडा बदललात तर जुना खोडून काढू नका, आडवी रेघ मारून शेजारी नवा लिहा. वडिलांच्या किराणा दुकानात रोजमेळाला हाच नियम होता. एक्सेलमध्ये जुना आकडा गुपचूप बदलता येतो, मला एक्सेल आवडत नाही ते एवढ्याचसाठी. लॉटऐवजी नग लिहा, कारण लॉट बदलत राहतो. नोव्हेंबर २०२४ पासून नव्या करारांसाठी तो ७५ झाला आणि माझी जुनी पानं ताडून बघताना गोंधळ उडाला. नफा चार्जेस वजा करूनच लिहा. फ्युचर्स विकताना लागणारा एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा सरकारी कर, १ ऑक्टोबर २०२४ ला ०.०१२५ वरून ०.०२ टक्के झाला, तो रोज सौदे करणाऱ्याला जाणवला.

वहीने पैसे मिळतात असं मात्र समजू नका. वही धरली तेव्हापासूनची माझी बेरीज अजून उणेच आहे. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात वायदे-ऑप्शन्समधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तीन वर्षांत तोटा झालेला आहे. दाजी स्वतःला उरलेल्या सातांत धरतात. हिशोब विचारला की विषय बदलतात. शिवाय मी आठवड्याला एखाद-दोन सौदे करतो. दिवसात वीस करत असाल तर हाताने लिहिणं जमणार नाही, तिथे अ‍ॅपच बघा. कोणतं ते मला विचारू नका.

आणि हो, फोन त्यांचा होता पण बटण मी दाबलं. हेही त्याच पानावर खाली लिहून ठेवलंय, रात्री. पानाचा फोटो मोबाइलमध्ये आहे. गेल्या भाऊबीजेला दाखवणार होतो. ताई समोर बसली होती, राहिलं.