सटन (Sutton) या इंग्रजी आडनावाचा शोध घेताय? आधी एवढं करा

सगळ्यात आधी नकाशा बाजूला ठेवा. सटन म्हणजे दक्षिणेकडची वाडी, आणि अशी सटन गावं इंग्लंडात ढिगाने आहेत, सरे, नॉटिंगहॅमशर, केंब्रिजशर, कुठेही बघा, त्यामुळे सगळे सटन एकाच घराण्यातले हा समज आजच सोडा, नवीन माणूस हमखास इथेच फसतो. शिवाय असं नाव बहुतेकदा गाव सोडल्यावर चिकटायचं, गावात तर सगळेच सटनचे! आपल्या कोल्हापूरकरांसारखंच.

सुरुवातीला:

- आजोबा-पणजोबांपासून एकेक पिढी मागे जा, 1066 पासून, म्हणजे नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं तिथपासून, पुढे येऊ नका. आधी 1837 नंतरचे जन्म-लग्नाचे दाखले आणि 1841 पासूनची नावानिशी जनगणना, मग चर्चची रजिस्टरं, ती 1538 पासूनची आहेत पण सगळीकडची टिकलेली नाहीत.
- स्पेलिंगवर अडू नका, एक टी असो की दोन, पाद्री कानाला लागेल तसं लिहायचा.
- ‘सटन घराण्याचं’ म्हणून विकतात ते ढालीवरचं मानचिन्ह (कोट ऑफ आर्म्स) अजिबात घेऊ नका, इंग्लंडात ते एका माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळतं, अख्ख्या आडनावाला नाही.

लॅटिन कागदपत्रं, डीएनए वगैरे नंतर बघू. पणजोबांचा दाखला मिळाला की त्यावरचं गाव कळवा, पुढचं मिळून शोधू, नक्की जमेल तुम्हाला.