हँगिंग कुंडीतल्या मनी प्लांटला कोणती माती? आधी सांगा, पाणी कोण घालतं

तुम्ही विचारलंय की आठ इंची हँगिंग कुंडीत नर्सरीतली लाल माती आणि शेणखत अर्धं अर्धं घालून मनी प्लांट लावला, दोन महिन्यांत खालची पानं पिवळी पडायला लागली, वर पाणी घातलं की ते कडेने भसकन खाली येतं, मग नक्की कोणती माती घेऊ आणि जुन्या मातीचं काय करू. मी पण अगदी याच चुकीतून गेलोय, एकदा नाही तीनदा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कडेने पाणी येतं याचा अर्थ निचरा चांगला आहे असा नाही हं, बरेच जण तिथेच फसतात. लाल माती वाळली की आकसते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते, मग तुम्ही घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ बाल्कनीत. मधला गोळा वरून कोरडा, खालून चिखल. बोट खुपसून बघितलं तर दगड लागल्यासारखं वाटतं. काळी माती असेल तर याहून वाईट, उन्हाळ्यात शेताला कशा भेगा पडतात तेच कुंडीत होतं.

आता मनी प्लांट मुळात कुठलं झाड आहे ते बघा. पॅसिफिकमधल्या मोरेआ नावाच्या बेटावरचं, ताहितीच्या शेजारी. तिथे ते झाडांच्या खोडावर चढतं, पेरापेराला मुळं फुटतात आणि ती सालीला धरून बसतात. म्हणजे त्या मुळांना पाऊस पडला की ओल आणि नंतर भरपूर हवा अशी सवय. आपण त्याला घट्ट मातीत पुरतो आणि वर रोज पाणी. मुळांना श्वासच घेता येत नाही, ती कुजतात, आणि पानं पिवळी पडली की आपल्याला वाटतं पाणी कमी पडतंय, की अजून एक तांब्या.

माझं तेच झालं होतं. पहिल्यांदा लाल माती, झाड गेलं. दुसऱ्यांदा पॉटिंग मिक्स लिहिलेली तयार पिशवी आणली, घरी फोडली तर जवळपास सगळं कोकोपीटच, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, पावसाळ्यात पंधरा दिवस वाळेचना आणि घरभर चिलटं. तिसऱ्यांदा बरोबर मिक्स केलं, माझ्या खोलीतल्या कुंडीला मस्त मानवलं, पण तेच मिक्स हॉलमधल्या कुंडीत घातलं तर तिथे मुळं पुन्हा काळी. डोकं खाजवलं. मग लक्षात आलं की माझ्या कुंडीला मी आठवड्यातून एकदा आठवण झाली तर पाणी घालतो आणि हॉलमधल्या कुंडीला बाबा रिटायर झाल्यापासून रोज सकाळी, तुळशीला पाणी घातलं की तांब्यात उरलेलं तिकडे. बाबांना चार वेळा सांगून पाहिलं, म्हणाले झाडाला उपाशी कसं ठेवायचं. शेवटी मी बाबांना बदलायचा नाद सोडला आणि माती बदलली.

म्हणून मी तरी कुठलंही प्रमाण सांगायच्या आधी विचारतो की पाणी कोण घालतं.

विसरभोळ्या माणसासाठी माझं मिक्स असं: दोन वाट्या कोकोपीट, एक वाटी गांडूळखत, एक वाटी विटांचे तुकडे नाहीतर परलाईट, आणि वर मूठभर निंबोळी पेंड अख्ख्या कुंडीला. रोज पाणी घालणारं माणूस घरात असेल तर कोकोपीट एकच वाटी, गांडूळखत अर्धी वाटी, विटांचे तुकडे दीड वाटी, आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे एक वाटी. हे दुसरं मिक्स बघायला माती वाटतच नाही, भेळेसारखं दिसतं, आई तर म्हणाली हे काय कचरा भरतोयस कुंडीत. पण त्यात रोज पाणी घातलं तरी ते थांबत नाही, ओलं होतं आणि निघून जातं. बाबा खूश, झाड पण खूश.

सोडणं घरचीच, नारळ फोडायच्या आधी सोललेली. कात्रीने बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि बादलीत दोन-तीन दिवस भिजत ठेवायचे, रोज पाणी बदलायचं, पहिल्या दिवशी पाणी चहासारखं तांबडं होतं ते काढून टाकायचं. कोकोपीटची वीट पण तशीच धुवून घ्या, स्वस्तातल्या विटांमध्ये मीठ बरंच असतं आणि पानांची टोकं करपतात ती बऱ्याचदा त्यानेच. 650 ग्रॅमची वीट फुगून साधारण आठ-नऊ लिटर होते, तुमच्या कुंडीत माती मावते साडेतीन लिटरच्या आसपास, आणि त्यातलं कोकोपीट फार तर निम्मं, म्हणजे एक छोटी वीट चार-पाच कुंड्यांना सहज पुरते, पाच किलोचा ठोकळा आणू नका, मी आणलाय, अजून संपला नाही.

विटांचे तुकडे हरभऱ्यापासून वाटाण्याएवढे, कुठे बांधकाम चालू असेल तिथे विचारलं तर फुकट मिळतात, पण चाळून पूड काढून टाका आणि धुवा. परलाईट म्हणजे ज्वालामुखीची काच तापवून लाह्यांसारखी फुगवलेली असते, वजनाला काहीच नाही, फक्त धूळ फार उडते म्हणून पिशवीतच थोडं पाणी शिंपडून मग हाताळा. वाळू घालू का असं कुणीतरी विचारेलच, तर बांधकामाची बारीक वाळू नको. साबुदाण्याच्या डब्यात रवा ओतला तर काय होईल, सगळ्या फटी भरतील ना, तसंच. जागा मोकळी करायला म्हणून घालायची आणि तीच जागा बुजवून बसते.

वजनाचं पण बघा, ते हँगिंगला फार महत्त्वाचं. साडेतीन लिटर ओली लाल माती म्हणजे सहा किलोच्या आसपास, आणि ती लटकतेय एका प्लॅस्टिकच्या हुकावर, खाली मुलं खेळतायत. वरची मिक्स पाणी घातल्यावरसुद्धा साधारण निम्म्यावर येतात.

आणि एक, तळाला खडीचा थर घाला म्हणतात तो घालू नका. हे मला पण आधी पटत नव्हतं. स्वयंपाकघरातला स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा, टपटप थांबली की तोच उभा करा, अजून पाणी गळेल. म्हणजे स्पंज जितका उथळ तितका त्याचा जास्त भाग ओला राहतो. कुंडीतल्या मातीचं तसंच आहे, तळाला काही उंचीपर्यंत पाणी धरून ठेवतेच, खडी घातली की ते खडीच्या वर धरून ठेवते, म्हणजे मुळांच्या अजून जवळ. हँगिंग कुंड्या आधीच उथळ. त्यापेक्षा तळाला चार-पाच भोकं नीट मोकळी आहेत का बघा आणि खाली जी क्लिपवाली बशी असते ती काढून टाका, किंवा पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने रिकामी करा.

मिक्स बरोबर झालं का बघायला ओलं करून मुठीत घट्ट दाबा. लाडू वळला आणि तसाच राहिला तर जड आहे, अजून तुकडे घाला. मूठ उघडल्यावर भुसभुशीत होऊन पडलं पाहिजे.

तुमचं झाड आत्ता काढा, वाट बघू नका. गोळा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, माती आपोआप सुटेल, ओढू नका. पांढरट, कडक मुळं ठेवायची, काळी बुळबुळीत आणि वास मारणारी कात्रीने कापायची. मुळं फारच गेली असतील तर जीव लावत बसू नका, वेलाचे तुकडे करा, प्रत्येकाला एक पेर आणि एक पान, पाण्यात ठेवले की दोन-तीन आठवड्यांत मुळं येतात, मग पाच-सहा तुकडे एकाच कुंडीत लावा, कुंडी भरलेली पण दिसते. कापताना चीक अंगाला लागला तर खाज येते, आणि घरात मांजर किंवा रांगतं बाळ असेल तर तुकडे खाली पडू देऊ नका.

लावल्यावर पहिले आठ-दहा दिवस पानं मलूल दिसतील, जुनी एखाददोन पिवळी पण होतील, लगेच खत घालू नका. महिनाभराने 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, कारण कोकोपीटमध्ये स्वतःचं असं खायला फारसं काही नसतं. पावसाळ्यात दोन बोटं खोलवर कोरडं लागल्याशिवाय पाणी नाही.

जुनी लाल माती फेकू नका. दोन दिवस उन्हात पसरून वाळवा, ढेकळं फोडा, कुजलेली मुळं निवडून काढा आणि जास्वंदीला किंवा कढीपत्त्याला जमिनीवरच्या मोठ्या कुंडीत थोडं तूस मिसळून वापरा, त्यांना ती चालते.