दोघांनी कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन आठवडाभर किनाऱ्याने फिरायचं, तर रोज किती अंतर ठेवावं आणि कशाची काळजी घ्यावी?

अंतराचं आधी उरकतो. दिवसाला १५० किलोमीटर पुष्कळ झाले. वळणावळणाच्या किनारी रस्त्यावर एवढ्या उंच, जड गाडीचा वेग ताशी ४०-५० च्या वर क्वचितच टिकतो, शिवाय तुम्ही थांबत थांबत जाणार. खरी काळजी घ्यायची ती विजेची.

गाडी ताब्यात घेताना विचारा, मागची बॅटरी (इंजिनची नव्हे, फ्रिज-दिवे चालवणारी) कोणती आणि किती अँपिअर-अवरची, म्हणजे किती साठ्याची? एजीएम (शिसे-आम्लाची बंदिस्त बॅटरी) असेल तर १०० अँपिअर-अवरपैकी ५०च आपले समजा. रोज त्याखाली उतरवली की ती लवकर निकामी होते. लिथियममधून ८० सहज मिळतात. आता फ्रिज बघा. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना साधारण ४ अँपिअर ओढतो आणि उकाड्यात निम्मा वेळ चालूच असतो. २४ तासांचे झाले ४८ अँपिअर-अवर. म्हणजे गाडी जागची हलली नाही, तर एजीएमचे वापरता येणारे ५० एका दिवसात जवळपास संपले! छतावरचं १०० वॉटचं सोलर पॅनल कडक उन्हात दिवसाला ३० च्या आसपास भरून देतं, ढगाळ हवेत त्याच्या पाव. म्हणून एकाच जागी दोन रात्री काढायच्या असतील तर विजेचा प्लग मिळणारी जागा निवडा. इन्व्हर्टरवर इलेक्ट्रिक किटली तर नकोच. १००० वॉटची किटली बॅटरीतून ९० अँपिअर खेचते. चहा गॅसवर करा, पण खिडकी उघडी ठेवून. आणि थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून झोपणं जिवावर बेतू शकतं. शेगडीतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पाणी माणशी दिवसाला १० लिटर धरा, आंघोळ सोडून. गाडी तिरकी उभी असली की टाकीत पाणी असूनही पंप हवा ओढतो आणि नळ फुरफुरतो. पंप बिघडला असं समजण्याआधी गाडी सपाटीला घ्या.

दुसरा त्रास ओलीचा. दोघांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्ध्या लिटरच्या आसपास वाफ निघते, आणि किनाऱ्यावरची हवा मुळातच दमट. ती थंड पत्र्यावर आणि गादीच्या खालच्या बाजूला पाणी होऊन बसते. पावसातसुद्धा छताची खिडकी बोटभर उघडी हवी आणि वाऱ्याच्या आडोशाची एक काच थोडी खाली. सकाळी गादी उभी करून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी कुबट वास येतोच.

रात्री गाडीचं तोंड वाऱ्याकडे, सरकता दरवाजा आडोशाला. दारावरचं बाहेरचं कापडी छत झोपण्याआधी गुंडाळा, एका झोताने त्याचे दांडे वाकतात.

वाळूत गाडी घालू नका; भाड्याच्या करारात बहुधा मनाईच असते. पुळणीजवळ थांबायचंच असेल तर भरतीची वेळ बघा. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास जातात, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी एरवीपेक्षा बरंच वर चढतं. चाक रुतलंच तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, ते आणखी खाली जातं. चाकापुढची वाळू हाताने काढा, टायरची हवा २५ पीएसआयच्या आसपास उतरवा, पायपुसणी चाकाखाली सरकवा आणि हळू बाहेर या. डांबरी रस्त्यावर वेग घेण्याआधी हवा पुन्हा भरा.

गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. किनाऱ्यावरच्या पार्किंगला २ मीटरच्या आसपास आडवा दांडा असतो, आणि छतावरचं पॅनल तिथेच फुटतं. सरकत्या दरवाज्याच्या खालच्या पट्टीतली वाळू रोज संध्याकाळी जुन्या टूथब्रशने काढा. तेल मात्र घालू नका, वाळू त्यालाच चिकटते आणि दरवाजा अडकतो.