गोळ्या सुरू केल्या आणि डाग लागतायत? पाकीट मध्येच सोडू नकोस

तू लिहिलंयस की पाळीच्या पहिल्या दिवशी माला-डी ही गर्भनिरोधक गोळी सुरू केली, आज १७वी गोळी, आणि ९व्या दिवसापासून रोज चॉकलेटी डाग दिसतायत, कधी लालसर. गोळी एकदाही चुकली नाही. जाऊबाई म्हणतात उष्णता झाली, बंद कर. आणि तुला धास्ती आहे की गोळी लागूच पडत नसेल, दिवस राहतील. शिवाय मंगळागौरीसाठी पाळी पुढे ढकलता येईल का, असंही विचारलंयस.

आधी धास्तीचं सांगते. गोळ्या वेळेवर चालू असतील तर डाग लागतायत म्हणून संरक्षण कमी झालं असं होत नाही. गोळीचं मुख्य काम बीजकोषात चालतं, तिथे बीज बाहेर पडणं थांबतं. डाग येतात ते गर्भाशयाच्या अस्तरातून. एरवी हे अस्तर महिनाभर जाड होत जातं आणि पाळीत गळून पडतं. गोळीतलं प्रोजेस्टिन हे हार्मोन त्याला जाड होऊच देत नाही. पातळ झालेल्या अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक असतात, त्या मधूनमधून झिरपतात. ते थोडंसं रक्त खाली यायला वेळ लागला की त्याचा रंग चॉकलेटी होतो. त्या अस्तराला सावरून धरतं ते गोळीतलं दुसरं हार्मोन, इस्ट्रोजेन, आणि माला-डीत ते अवघं ३० मायक्रोग्रॅम असतं.

हे काही आजचं कोडं नाही. १९५६मध्ये पोर्टो रिकोत गोळीच्या पहिल्या मोठ्या चाचण्या सुरू झाल्या. त्या सुमाराला लक्षात आलं की गोळीतल्या प्रोजेस्टिनमध्ये थोडं इस्ट्रोजेन अशुद्धी म्हणून मिसळलेलं होतं. ते काढून गोळी शुद्ध केली तर बायकांना मधूनच जास्त रक्तस्राव व्हायला लागला. म्हणून ते मुद्दाम परत घातलं. पुढे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका कळला, तसं इस्ट्रोजेन कमी कमी करत आणलं. आजची गोळी त्यामुळे जास्त सुरक्षित आहे, पण सुरुवातीला डाग लागायचं प्रमाण थोडं जास्त. हा सौदा मला तरी योग्य वाटतो.

उष्णतेचं म्हणशील तर धने-जिऱ्याचं पाणी खुशाल पी, त्याने बिघडत काही नाही, पण हे डाग थांबतही नाहीत. ते थांबतात वेळ गेला की. साधारण तीन पाकिटं.

मी पहिल्यांदा गोळ्या घेतल्या तेव्हा हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. तुझ्यासारखेच डाग, रोज पॅड लावून कंटाळले, आणि १५व्या गोळीला पाकीट कपाटात टाकलं. दोन-तीन दिवसांत धो-धो अंगावरून जायला लागलं, कारण हार्मोन अचानक तुटले. शिवाय तोवर झालेल्या संबंधांचं काय, या विचाराने झोप उडाली. टेस्ट निगेटिव्ह येईपर्यंतचे ते दिवस मला अजून आठवतात. वर्षभराने पुन्हा सुरू केल्या तेव्हा ठरवूनच बसले होते की तीन पाकिटं पूर्ण करायची. पहिल्या पाकिटात आठ दिवस डाग, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात एकदाच. त्यानंतर सहा वर्षं घेतल्या. म्हणून तुला इतकं कळकळीने सांगतेय.

एक सवय मात्र कडक ठेव: वेळ. आज सकाळी दहाला, उद्या रात्री अकराला असं केलंस तर डाग वाढतात. मी रात्री दात घासताना घ्यायचे. एखादी विसरलीच तर आठवेल तेव्हा लगेच घे, त्यासाठी एका दिवशी दोन घ्याव्या लागल्या तरी चालतं. दोन किंवा जास्त चुकल्या तर पुढचे सात दिवस कंडोम वापरा. त्या पाकिटातल्या २१ पांढऱ्या गोळ्यांपैकी शेवटच्या सातांतल्या असतील, तर पांढऱ्या संपल्यावर त्यापुढच्या सात गडद रंगाच्या लोहाच्या गोळ्या सोडून थेट नवीन पाकीट सुरू कर. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर दुसरी घे. आणि डाग थांबावेत म्हणून आपल्याच मनाने रोज दोन गोळ्या घेऊ नकोस, हे मी बायकांना करताना पाहिलंय.

दुसरी कुठली औषधं चालू आहेत का, ते तू लिहिलं नाहीस. टीबीवरचं रिफॅम्पिसिन आणि फिटची काही औषधं, उदाहरणार्थ फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन, गोळीचा असर खरोखर कमी करतात. यातलं काही असेल तर आजच डॉक्टरांना सांग आणि तोवर कंडोम वापरा. सर्दी-तापाच्या नेहमीच्या अँटिबायोटिकने तसं होत नाही.

तीन पाकिटांनंतरही डाग चालूच राहिले, संबंधानंतर रक्त दिसलं, ओटीपोटात दुखतंय किंवा वास येणारं पाणी जातंय, तर तपासून घे, जंतुसंसर्गही असू शकतो. एक-दोन तासांत पॅड भिजतंय इतकं जात असेल तर थांबू नकोस. आणि एका पायाची पोटरी सुजून दुखणं, छातीत दुखणं, अचानक दम लागणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, दिसायला अंधुक होणं, यातलं काहीही झालं तर गोळी बंद करून तडक दवाखाना. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर चमकणाऱ्या रेषा येणारी अर्धशिशी तुला असेल, तर या गोळ्या तुझ्यासाठी नाहीतच. तसं असेल तर डॉक्टरांकडून दुसरा उपाय घे.

राहिली मंगळागौर. पाळी लांबवायची वेगळी गोळी मेडिकलमधून आणून यावर घेऊ नकोस. २१ पांढऱ्या संपल्या की गडद रंगाच्या सात लोहाच्या गोळ्या न घेता दुसऱ्या दिवशी पुढच्या पाकिटातली पांढरी सुरू केलीस, तर पाळी पुढे जाते. पहिल्याच महिन्यांत असं केलं की थोडे डाग लागू शकतात, तेव्हा लायनर जवळ ठेव. ती पाळी नव्हे. घरात कुणाला काय सांगायचं ते तू ठरव, पण पूजेला बसायचं असेल तर माझ्या मते खुशाल बस.