छातीत दुखण्यावर फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांचा उपयोग होतो का?

प्रश्नकर्त्यांनी थोडक्यात असं लिहिलंय: वय 54, तीन आठवड्यांपासून जिना चढताना छातीवर दाब येतो, थांबलं की दोन-तीन मिनिटांत जातो. ईसीजी नॉर्मल आला. एका परिचितांनी होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) कमी करायला रोज 5 मिलिग्रॅम फोलिक अ‍ॅसिड सुचवलंय. घ्यावं का?

उपयोग होतो कधी कधी. माझ्या आईला झाला होता. जिन्यावर तिच्या छातीत यायची ती कळ फोलिक अ‍ॅसिडनं दोन महिन्यांत जवळपास गेली. आज ती काठी टेकत चालते, त्यातही याच गोळ्यांचा हात आहे.

मी डॉक्टर नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये 19 वर्षं टेक्निशियन आहे. रोज शंभरेक सॅम्पल हातांखालून जातात. एरवी अशा प्रश्नांना उत्तरं देत नाही, पण ‘ईसीजी नॉर्मल’ आणि ‘रोज 5 मिलिग्रॅम’ हे दोन्ही एकाच वाक्यात मी याआधी फक्त एकदा ऐकलंय, माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून. त्यामुळे झोप उडाली आणि लिहायला बसले.

2019 चा जून. आई तेव्हा 66 वर्षांची, दादाकडे राहायची. मधुमेहासाठी बारा वर्षं मेटफॉर्मिन चालू, शिवाय आम्लपित्ताची रोजची एक कॅप्सूल, पाच-सहा वर्षं तरी. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर ती थांबायला लागली. छातीत कोणी हात ठेवून दाबतंय असं वाटतं म्हणायची. दादानं ईसीजी काढून आणला, नॉर्मल होता. मग त्यानं कुठलंसं व्याख्यान ऐकलं. त्यात म्हणे कोलेस्टेरॉल हा सगळा बागुलबुवा आहे आणि खरा गुन्हेगार होमोसिस्टीन. दादानं स्वतःच ती तपासणी करून घेतली. आकडा आला 41. पंधराच्या आत हवा असतो. झालं! त्या दिवसापासून आईला रोज 5 मिलिग्रॅम फोलिक अ‍ॅसिड सुरू.

मी फोनवर म्हटलं, अरे आधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखव. त्याचं ठरलेलं उत्तर, “पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व आहे. जास्तीचं लघवीतून जातं. तुम्ही लॅबवाले लोकांना घाबरवूनच पैसे कमावता.” मी वैतागून फोन ठेवला. वहिनीनं मध्ये पडायचा प्रयत्न केला, पण आमच्यात मध्ये पडून कोणाचं भलं झालेलं नाही.

ऑगस्टमध्ये आई न थांबता जिना चढली. दादाचा फोन, आवाजात विजय. मी काय बोलणार? आई खरंच बरी दिसत होती, चेहऱ्यावर रंग आला होता.

ऑक्टोबरमध्ये पायांना मुंग्या सुरू झाल्या. सगळे म्हणाले, साखरेमुळे. बारा वर्षांचा मधुमेह, पायांना मुंग्या येणारच. मीही तेच म्हटलं. डिसेंबरात ती म्हणाली, पायांखाली फरशीच लागत नाही, कापसावर चालतेय असं वाटतं. आणि जानेवारीत सकाळी बेसिनपाशी तोंड धुताना पडली. डोळ्यांना साबण लागला म्हणून डोळे मिटले, आणि मिटल्याबरोबर सरळ आडवी. मनगट मोडलं.

मनगट बघणाऱ्या डॉक्टरांनी नेमका प्रश्न विचारला: पडताना डोळे मिटलेले होते का? मग त्यांनी आईच्या घोट्यावर ट्यूनिंग फोर्क ठेवला. तिला कंप जाणवेना. पायाचा अंगठा वर केला की खाली, हे डोळे मिटून तिला सांगता येईना. मज्जारज्जूच्या मागच्या भागातून ही जाणीव मेंदूकडे जाते आणि नेमका तोच भाग बी12 च्या अभावात झिजतो. डोळे उघडे असेपर्यंत माणूस नजरेनं तोल सांभाळून नेतो, मिटले की कोसळतो. सॅम्पल माझ्याच लॅबमध्ये आलं. बी12 निघालं 83. आमच्याकडे 200 च्या खाली गेलं की कमी म्हणतात.

आता हे सगळं एकमेकांत कसं अडकलंय ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

मेटफॉर्मिन आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या, दोन्हींमुळे वर्षानुवर्षांत बी12 शोषलं जाण्यात खोट येते. बी12 कमी झालं की शरीरातलं फोलेट (फोलिक अ‍ॅसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) एका रूपात अडकून पडतं, त्याला सोडवायचं काम बी12 चंच असतं. फोलेट अडकलं की पेशींना डीएनए नीट बनवता येत नाही, लाल पेशी मोठाड, अर्धवट आणि थोड्या तयार होतात. म्हणजे अ‍ॅनिमिया. अ‍ॅनिमिया झाला की हृदयाला ऑक्सिजन कमी पडतो, आणि रक्तवाहिनी आधीच थोडी अरुंद असेल तर जिना चढताना छातीत दुखतं. होमोसिस्टीन वाढतं तेही याच बी12 अभावी. दादानं धूर बघितला आणि धुरावरच पाणी मारलं.

गोळीतलं फोलिक अ‍ॅसिड मागच्या दारानं आत शिरतं, त्याला बी12 ची परवानगी लागत नाही. त्यामुळे रक्त सुधारतं, हिमोग्लोबिन चढतं, छातीतलं दुखणं कमी होतं. मज्जातंतूंवरच्या आवरणाला मात्र बी12 च लागतं, तिथं फोलिक अ‍ॅसिड कितीही ओता. ती झीज गुपचूप चालूच राहते. बाहेरून माणूस टवटवीत! प्रौढांनी डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज 1 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये अशी मर्यादा घातलीय ती याच कारणासाठी. आई त्याच्या पाचपट घेत होती आणि तुम्हाला सुचवलेला डोसही तेवढाच आहे. ‘जास्तीचं लघवीतून जातं’ हे खरं आहे, पण जाण्याआधी ते काय करून जातं ते कोणी सांगत नाही.

पुढे आईची अ‍ॅन्जिओग्राफी झाली. एका रक्तवाहिनीत 60 टक्के ब्लॉकेज. म्हणजे दादाच्या गोळीनं दोन आजार झाकले होते, एक रक्तातला आणि एक हृदयातला. इंजेक्शनांनी बी12 भरून काढलं, हृदयाची औषधं सुरू झाली. मुंग्या बऱ्याच कमी झाल्या, तोल पूर्ण परतला नाही.

होमोसिस्टीनबद्दल मात्र मला दादाशी भांडून झालेलं नाही, तेव्हा ते इथंच उरकते. कल्पना मुळात टाकाऊ नव्हती. 1969 मध्ये किल्मर मॅकली या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टनं जन्मजात अतिउच्च होमोसिस्टीन असलेल्या मुलांच्या रक्तवाहिन्या खराब झालेल्या बघितल्या आणि शंका मांडली. फोलिक अ‍ॅसिडनं होमोसिस्टीन उतरतं, साधारण पावपट, हेही खरं. पण आकडा उतरला म्हणून माणसं वाचतात का, हे बघायला मोठ्या चाचण्या झाल्या. ‘होप-2’ मध्ये 5,522 जणांना पाच वर्षं फोलिक अ‍ॅसिड, बी6 आणि बी12 किंवा नुसती खोटी गोळी दिली. निकाल 2006 मध्ये आला. होमोसिस्टीन छान उतरलं, हार्ट अटॅक तेवढेच राहिले. आणि तुमच्या कामाची गोष्ट: अस्थिर अंजायनासाठी, म्हणजे छातीतल्या दुखण्यासाठीच, दवाखान्यात भरती होणारे लोक गोळ्यांच्या गटात जास्त निघाले. 2010 च्या ‘सर्च’ चाचणीत हार्ट अटॅकमधून वाचलेले 12,064 जण होते, त्यांना जवळपास सात वर्षं फोलिक अ‍ॅसिड आणि बी12 देऊनही फरक शून्य.

दादा यावर दरवेळी चीनचा अभ्यास काढतो. 2015 चा, 20,702 रक्तदाबाचे रुग्ण, एनालाप्रिल या रक्तदाबाच्या गोळीबरोबर 0.8 मिलिग्रॅम फोलिक अ‍ॅसिड. तिथं पक्षाघात 3.4 टक्क्यांवरून 2.7 वर आला, मान्य. पण तो पक्षाघात होता, दादा. हार्ट अटॅकमध्ये तिथंही ठोस फरक दिसला नाही. आणि डोस तुझ्या गोळीच्या सहाव्या हिश्शाइतका.

बरं, तुमचं. तीन आठवड्यांत नव्यानं सुरू झालेला, चढताना येणारा, थांबल्यावर जाणारा दाब हृदयाचाच धरायचा, जोवर तपासून कोणी नाही म्हणत नाही. नुसत्या नॉर्मल ईसीजीवरून हृदय ठीक आहे असं ठरत नाही. दुखत नसताना काढलेला ईसीजी अंजायनाच्या रुग्णातही नॉर्मल येतो. हृदयरोगतज्ज्ञांकडे या आठवड्यात जा, पुढच्या नको. तोवर जिना टाळा. आणि बसल्या बसल्या दुखायला लागलं, थांबूनही काही मिनिटांत गेलं नाही, जबड्यात किंवा हातात कळ उतरली, दरदरून घाम फुटला, यातलं एकही झालं तर उत्तरं वाचत बसू नका, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. स्वतः गाडी चालवत जायचं नाही.

रक्त द्यायचं ते गोळी सुरू करण्याआधी द्या. हे मी लॅबवाली म्हणून कळकळीनं सांगतेय. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, त्यातली एमसीव्ही म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, आणि बी12. शंभराच्या वर एमसीव्ही गेली की आम्ही स्लाइड बघतो. बी12 किंवा फोलेट कमी असलं की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाला नेहमीच्या तीन-चारऐवजी सहा-सहा पाकळ्या दिसतात, एकदा बघितलं की विसरत नाही. फोलेटचा शोधही याच रस्त्यानं लागलाय. लूसी विल्स या इंग्रज बाईंनी मुंबईत गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांमधला मोठ्या पेशींचा अ‍ॅनिमिया अभ्यासला आणि यीस्टच्या अर्कानं तो बरा होतो हे 1931 मध्ये छापलं. त्या अर्कातलं जे काही होतं, ते पुढे फोलेट निघालं. पण दोन महिने फोलिक अ‍ॅसिड घेऊन आलात तर त्या पाकळ्या गेलेल्या असतात आणि आमच्या हाती काही लागत नाही.

होमोसिस्टीन स्वतःहून करू नका. सॅम्पल वेळेत वेगळं केलं नाही तर नळीतल्या पेशींमधून ते पाझरत राहतं आणि आकडा तासागणिक आपोआप चढतो. किती लोकांना या चढलेल्या आकड्यावर गोळ्या लागल्या असतील, देव जाणे. अजून एक: केसांसाठी किंवा बी-कॉम्प्लेक्समधून बायोटिन घेत असाल तर आधी सांगा. जास्त डोसचं बायोटिन काही मशीनवर ट्रोपोनिन खोटं कमी दाखवतं. अमेरिकेची औषधांवर देखरेख करणारी संस्था एफडीए, तिनं 2017 मध्ये यावर इशारा दिला होता. हार्ट अटॅक ओळखायची हीच ती तपासणी.

आता जे लिहायचं टाळत होते ते. आईचा सीबीसी जूनच्या आधीच झाला होता. मे महिन्यात, मधुमेहाच्या नेहमीच्या तपासणीत. हिमोग्लोबिन 8.6, एमसीव्ही 117. तिथं तिला लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, ‘रक्त कमी आहे’ म्हणून. दादानं त्या रिपोर्टच्या चारही पानांचे फोटो मला पाठवले होते आणि खाली लिहिलं होतं, “साखर बघ.” मी शेवटचं पान उघडलं, एचबीएवनसी बघितलं, “ठीक आहे” लिहिलं. पहिलं पान मी जानेवारीत उघडलं, आईचं मनगट प्लास्टरमध्ये असताना. 117! अनोळखी माणसाचं असतं तर मी जागेवर स्लाइड मागवली असती.

दादाला हे मी अजून सांगितलेलं नाही. तो अजूनही म्हणतो की आईची छाती माझ्या गोळीनं बरी झाली होती, तुम्ही डॉक्टरांकडे नेल्यावर तिच्या मागे औषधं लागली. पहिला अर्धा भाग खरा असल्यामुळे त्याच्याशी भांडताही येत नाही.

थोडं राहिलं. हे सगळं वाचून कोणी गरोदर बाईनं किंवा गरोदर राहू पाहणाऱ्या बाईनं फोलिक अ‍ॅसिड थांबवायचं नाही. बाळाची मज्जानलिका पहिल्या 28 दिवसांतच मिटते, तिथं ही गोळी अमूल्य आहे. मेथोट्रेक्सेट (संधिवातासारख्या आजारांतलं एक औषध) घेणाऱ्यांना डॉक्टर ती देतात, त्यांनीही चालूच ठेवायची. आणि खरोखर फोलेटच कमी असेल, बी12 तपासून ठीक निघालं असेल, तर तुम्हालाही ती लागेल, त्यात वावगं काही नाही. छातीत दुखायला पित्तापासून बरगडीच्या सांध्यापर्यंत पन्नास कारणं असतात आणि तुमचं त्यातलं एखादं किरकोळ निघालं तर मला आनंदच आहे. पण ते ठरवणारे तुमचे परिचित नव्हेत, मीही नव्हे.

रिपोर्ट आले की नाव झाकून इथं टाका. सगळी पानं टाका, मी पहिल्यापासून वाचेन.