‘काल संध्याकाळपर्यंत अगदी ठीक होता’: आजारी पोपटांविषयी प्रश्नोत्तरे

पाऊस लागल्यापासून आलेल्या बहुतेक पत्रांत हे एक वाक्य आहे. पोपट बजी जातीचा असो, कॉकटील असो की आफ्रिकन ग्रे, काल संध्याकाळपर्यंत अगदी ठीक होता आणि आज पिंजऱ्याच्या तळाशी बसला आहे. गोंधळ सगळ्यांचा एकच, म्हणून काही प्रश्न एकत्र घेते. एक गोष्ट आधीच सांगते: मी पक्ष्यांची डॉक्टर असले तरी तुमचा पक्षी मी पाहिलेला नाही. डॉक्टरकडे पोचेपर्यंत काय करायचे आणि काय करायचे नाही, एवढेच या उत्तरांतून घ्या.

फोंडा : आमचा कॉकटील दोन दिवस पिसे फुलवून बसतोय. पण वाटीत चोच घालतो, म्हणजे खातोय. सोमवारपर्यंत थांबलो तर चालेल का?

नाही. आजच फोन करा.

हे थांबणे माझ्या डोळ्यांसमोर इतके पक्षी घेऊन गेले आहे की थोडे सविस्तर लिहिते. पोपट थव्यात राहणारा पक्षी आहे. थव्यात जो अशक्त दिसतो त्याच्यावर शिकारी पक्ष्याचा डोळा आधी जातो, म्हणून आजार लपवणे त्याच्या रक्तातच आहे. अंगात ताकद आहे तोवर तो दांडीवर ताठ बसतो, तुम्ही खोलीत आलात की पिसे आवळून घेतो, शीळसुद्धा घालतो. लपवण्याइतकी ताकद संपली की मग तो तुम्हाला ‘आजारी दिसतो’. म्हणजे तुमच्या हिशेबाने आजाराचा दुसरा दिवस असेल, त्याच्या हिशेबाने कदाचित दहावा.

वाटीत चोच घालणे म्हणजे खाणे नाही. आजारी पोपट दाणा उचलतो, सोलतो आणि टाकून देतो. वाटी टरफलांनी भरलेली दिसते, पोट रिकामेच असते. खरे काय ते विष्ठा सांगते. निरोगी विष्ठेत तीन भाग दिसतात: हिरवट किंवा तपकिरी मळ, पांढरा भाग आणि थोडे पाणी. मळ कमी होऊन काळपट हिरवा डाग उरला असेल, तर पक्षी जवळजवळ उपाशी आहे.

दुसरा साक्षीदार म्हणजे वजनकाटा. एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. रोज सकाळी, पहिली विष्ठा झाल्यावर आणि खाण्याआधी पक्ष्याचे वजन करून वहीत लिहा. कॉकटील साधारण 80 ते 100 ग्रॅमचा असतो. नव्वदचा एक्याऐंशी झाला तर दहा टक्के वजन गेले, आणि ती धावपळ करण्याची वेळ आहे. नऊ ग्रॅम म्हणजे दोन लहान चमचे पाणीही नाही, पिसांखाली ते डोळ्यांना दिसणार नाही. पिंजऱ्यावर हजारो रुपये घालणारी माणसे काटा घेत नाहीत याचे मला खरोखर वाईट वाटते.

श्वासाबरोबर शेपटी वरखाली होणे, बसल्या जागी चोच उघडी ठेवून श्वास घेणे, दांडीवरून पडणे, रक्त, झटके: यातले एकही दिसले तर रविवार असो की चतुर्थी, निघा.

म्हापसा : शेजारचे आजोबा म्हणतात, पाण्यात थेंबभर फेणी घाला, अंगात ऊब येईल. देऊ का?

देऊ नका. दारू पक्ष्याला विष आहे, थेंबभरसुद्धा.

पर्वरी : ऊब द्या असे सगळे सांगतात. पण गोव्यात कसली थंडी?

पक्ष्याच्या शरीराचे तापमान 41 अंशांच्या आसपास असते. जुलैतल्या ओल्या, सत्तावीस अंशांच्या खोलीत आपल्याला घाम येतो, पण न खाल्लेल्या पक्ष्याची उरलीसुरली शक्ती अंग गरम ठेवण्यातच जाते. त्याच्याभोवती 29 ते 32 अंश ठेवा. पिंजऱ्याची एक बाजू चादरीने झाका आणि त्याच बाजूला बाहेरून पिवळा, तारेचा दिवा लावा. एलईडीने ऊब येत नाही. दुसरी बाजू मोकळी ठेवा, म्हणजे त्याला नको असेल तेव्हा सरकता येईल. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवा. पंख अंगापासून दूर धरून धापा टाकू लागला तर ऊब जास्त झाली. खोलीत धूप, अगरबत्ती, डासांची कॉइल काहीही नको.

साखळी : दुकानदाराने पिवळी पावडर दिली आहे, पिण्याच्या पाण्यात घालायची. ‘सगळ्या आजारांवर चालते’ म्हणाला. तीन दिवस झाले, फरक नाही.

सगळ्या आजारांवर चालणारे औषध अजून कुणी बनवलेले नाही.

अशा पावडरी बहुतेक वेळा टेट्रासायक्लिन जातीच्या प्रतिजैविकाच्या असतात. मात्रा कुणी ठरवली? पाणी कडू लागले की पक्षी ते कमी पितो, आणि आजारी पक्षी मुळात कमीच पितो. म्हणजे औषध पोटात गेले किती हे कुणालाच ठाऊक नाही. पिंजऱ्यात समुद्रफेस टांगलेला असेल तर त्यातल्या कॅल्शियमला हे औषध चिकटते आणि अंगी लागत नाही. आजार बुरशीचा असेल तर प्रतिजैविकाचा उपयोग शून्य, उलट बुरशीला रान मोकळे. आपल्याकडे पावसात हा धोका खरा आहे. सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाणे ओल धरतात, त्यांवर बुरशी येते आणि ती फुप्फुसांत आणि हवेच्या पिशव्यांत घर करते. कुबट वास येणारे दाणे आजच फेकून द्या, उन्हात वाळवून पुन्हा घालू नका.

आणखी एक नुकसान कुणी सांगत नाही. अर्धेमुर्धे प्रतिजैविक दिल्यावर मी विष्ठेचा नमुना तपासायला पाठवला, तर जंतू सापडत नाही आणि आजार मात्र असतो. तीन दिवस आणि एक पुरावा, दोन्ही गेले. ज्या बाटलीवर आत काय आहे ते लिहिलेले नाही, ती ‘टॉनिक’ म्हणूनसुद्धा विकत घेऊ नका. पावडरचे पाकीट मात्र टाकू नका, डॉक्टरांना दाखवा.

मडगाव : दोन दिवस काही खाल्ले नाही. सिरिंजने पेज भरवू का?

स्वतःहून नको. पेज श्वासनळीत गेली तर पक्षी तुमच्या हातात जाईल. शिवाय गारठलेल्या पक्ष्याच्या गळ्यातली पिशवी हलत नाही, भरवलेले तिथेच आंबते. आधी ऊब, मग डॉक्टर. भरवायचे असेल तर किती, केवढे पातळ, कसे धरून, हे ते दाखवतील.

डिचोली : बजीची मादी तळाशी बसून कुंथते आहे, पोट फुगले आहे. घरचे म्हणतात, तूप लावले की अंडे सुटेल.

अंडे अडकले असण्याची शक्यता मोठी आहे. पोट दाबू नका, तूप-तेल लावू नका. अंडे आत फुटले तर ती वाचणे कठीण. ऊब देत लगेच न्या. यात तासांचा हिशेब असतो. फक्त दाण्यांवर वाढलेल्या माद्यांत कॅल्शियम कमी पडते आणि हे घडते, पण आहाराचे बोलणे नंतर करू.

वास्को : पक्षी आजारी आहे आणि घरात सून गरोदर आहे. आम्हाला लागण होते का?

होऊ शकते. सिटॅकोसिस नावाचा आजार पोपटांकडून माणसाला होतो. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून जाते आणि पाच ते चौदा दिवसांनी ताप, जबर डोकेदुखी, कोरडा खोकला सुरू होतो. वेळेत ओळखला तर औषधाने बरा होतो, पण गरोदरपणात गंभीर ठरू शकतो. सूनबाईंनी पिंजऱ्याजवळ जाऊ नये. साफ करणाऱ्याने मास्क लावावा, तळाचा कागद आधी पाण्याने भिजवावा, झाडू मारू नये. घरात कुणाला ताप आला तर आपल्या डॉक्टरांना ‘घरी पोपट आजारी आहे’ हे आधी सांगा. ते विचारतीलच असे नाही.

पेडणे : माडाखाली हिरव्या कीराचे पिल्लू मिळाले, मान टाकतेय. पाळू का?

नाही. आपले देशी पोपट पाळण्यास 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, उबेत ठेवा, तोंडात पाणी सोडू नका आणि वन खात्याला कळवा.

काणकोण : जवळचे डॉक्टर गाई-म्हशी आणि कुत्रे बघतात. पक्ष्याचे काय करू?

तरी त्यांना फोन करा. वजन करणे, ऊब, त्वचेखाली सलाइन, एवढे त्यांच्याकडे होऊ शकते आणि पक्षी बघणाऱ्या सहकाऱ्याशी ते बोलू शकतात. पणजीकडे निघायचे ठरले तर आधी फोन करून खात्री करा. लहान पिंजरा घ्या, झोके काढा, तळाशी टॉवेल घाला, वरून झाका, गाडीतला एसी बंद ठेवा. तळाचा कालचा कागद बदलू नका, तसाच बरोबर आणा. वजनाची वही असेल तर तीही.

फोंडा : बावीस वर्षांचा आफ्रिकन ग्रे, पोटात गाठ. शस्त्रक्रिया होणार नाही म्हणतात. देवाने नेईपर्यंत सांभाळू का?

बावीस वर्षे म्हणजे घरातलेच माणूस. तो आपणहून खातो का, दांडीवर बसतो का, तुमच्या हाकेला मान वळवतो का, हे रोज लिहा. वेदना कमी करणारी औषधे पक्ष्यांसाठी आहेत, ती डॉक्टरांकडून मागून घ्या. तिन्ही उत्तरे ‘नाही’ येऊ लागली की त्याला भुकेने आणि धापेने जाऊ देऊ नका. आधी भूल देऊन शांतपणे सोडवता येते. त्या वेळी जवळ थांबायचे असेल तर तसे सांगा, हरकत नसते.

मडगाव : चार बजींतले तीन एका दुपारी अर्ध्या तासात गेले. साथ आली का?

साथ इतकी घाई सहसा करत नाही. त्या दुपारी नॉनस्टिक तवा रिकामा गॅसवर राहिला होता का, ते घरी विचारा. त्याचा लेप जास्त तापला की निघणारी वाफ पोपटांना मिनिटांत मारते, माणसाला कळतही नाही. उरलेल्या पक्ष्याला आत्ताच मोकळ्या हवेत हलवा आणि आज डॉक्टरांना दाखवा. मेलेले पक्षी पुरू नका. पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको, गोठले की शवविच्छेदनात नीट दिसत नाही. उद्या सकाळी घेऊन या.