टेकडीवरचे चिविता आणि मुक्काम द्राक्षमळ्यात

प्रश्न : येत्या सप्टेंबरात आम्ही पतीपत्नी आणि सत्तरीच्या सासूबाई रोमला जात आहोत. टेकडीवरचे चिविता दि बान्योरेज्जो हे गाव पाहायचे आहे. मुक्काम गावातच करावा की जवळच्या ओर्विएतोच्या द्राक्षमळ्यांत? सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या शाकाहारी आहेत.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मुक्काम ओर्विएतोच्या परिसरातच करावा आणि चिवितासाठी एक पूर्ण सकाळ राखून ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी एट्रुस्कन या रोमनांआधीच्या इथल्या लोकांनी वसवलेले हे गाव ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ दगडावर उभे आहे. त्याखालची चिकणमाती पावसापाण्याने झिजत राहिल्यामुळे कडे ढासळत गेले आणि १६९५ च्या भूकंपानंतर बहुतेक रहिवाशांनी शेजारच्या बान्योरेज्जोत घरे केली. आज तिथे बारमाही राहणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. वेशीतून आत शिरताच एका जुन्या वाड्याची केवळ दर्शनी भिंत दिसते. मागचा वाडा दरीत गेला आहे आणि खिडक्यांतून थेट आभाळ दिसते. ती भिंत पर्यटकांची रीघ लागण्यापूर्वी, शांतपणे पाहावी.

गावात मोटार जात नाही. १९६५ मध्ये बांधलेला, सुमारे ३०० मीटर लांबीचा पादचारी पूल हाच एक रस्ता असून त्याचा शेवटचा टप्पा चांगलाच चढाचा आहे आणि वर सावली नाही. सासूबाईंना तो झेपणार नाही असे वाटले, तर बान्योरेज्जोच्या कडेवरूनही पूर्ण गाव समोर दिसते. त्यांना आग्रह करू नये.

ओर्विएतो रोमहून रेल्वेने तासाभरापेक्षा थोडे अधिक अंतरावर आहे. तेही टेकडीवरच वसले आहे, पण स्थानकासमोरून वर जाणारी दोरखेच गाडी असल्यामुळे गुडघ्यांना त्रास होत नाही. १२९० मध्ये पायाभरणी झालेले तिथले कॅथेड्रल तिघांनी पाहावे. सान पात्रिझिओच्या विहिरीच्या २४८ पायऱ्या मात्र तुम्ही दोघांनीच उतराव्यात. इथली पांढरी वाइन मुख्यतः ग्रेकेत्तो आणि त्रेब्बियानो या द्राक्षांची असते आणि टेकडीच्या मऊ दगडात खोदलेल्या तळघरांत ती नैसर्गिक थंडाव्यात ठेवली जात असे. नाशिकला खुडणी जानेवारी ते मार्चमध्ये चालते, ओर्विएतोत ती सप्टेंबरात ऐन भरात असते. मळेवाले कामात असल्याने भेटीची वेळ आधी ठरवून घ्यावी.

जेवणात उंब्रिकेल्ली हा हाताने वळलेला जाड पास्ता टोमॅटो-लसणीच्या रश्शात मिळतो. परंतु पार्मेजानो आणि पेकोरिनो ही चीज प्राण्यांच्या जठरातील विरजणाने बनतात, म्हणून सासूबाईंसाठी ती वगळायला आवर्जून सांगावे.

ओर्विएतोहून बान्योरेज्जोला बस जाते, परंतु रविवारी ती नसते; म्हणून चिविता आठवड्याच्या मधल्या दिवशी ठेवावे. स्वतः गाडी चालवणार असाल, तर आंतरराष्ट्रीय परवाना निघण्यापूर्वीच आरटीओतून काढून घ्यावा.